अब्जावधींचा पूल आणि चार वर्षांची बस

रस्ता सगळ्यांचा असतो, असे आपण म्हणतो. उड्डाणपुलाच्या उद्घाटनाला मंत्री येतात तेव्हा तेही हेच सांगतात. पण रस्त्यावर खर्च होणारा पैसा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो का? ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याला आठ पदरी रस्त्याचा उपयोग काय? आपल्याकडे हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारला जातो आणि कप रिकामा होईपर्यंत विसरलाही जातो. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मात्र काही लोकांनी हाच प्रश्न उचलून थेट कोर्टात नेला. एका प्रचंड मोठ्या महामार्ग-चौकाची पुनर्बांधणी चालली होती. हे लोक म्हणाले, चौक बांधा, पण आमची बस कुठे आहे?

त्यांना काय मिळालं, ते किती दिवस टिकलं आणि पुढे काय झालं, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. कारण 2024 मध्ये त्याच शहरातल्या त्याच महामार्गावर पुढच्या चौकाच्या पुनर्बांधणीला मंजुरी मिळाली आहे. आणि पहिल्या वेळी लोकांच्या हातात जी कायदेशीर हत्यारे होती, ती दरम्यानच्या काळात बरीच बोथट करण्यात आली आहेत.

चौक जुना झाला होता, यात वाद नाही

इंटरचेंज म्हणजे दोन-तीन महामार्ग सिग्नलशिवाय एकमेकांना मिळतात ती जागा. एकावर एक पूल, बाजूने वळसे घेत जाणारे रॅम्प. पुण्याचा चांदणी चौक डोळ्यासमोर आणला की चित्र स्पष्ट होते. मिलवॉकीचा ‘झू इंटरचेंज’ त्याच्या कितीतरी पट मोठा. शेजारी प्राणिसंग्रहालय आहे म्हणून हे नाव. हा चौक 1963 मध्ये बांधला गेला आणि विस्कॉन्सिन राज्यातला तो सर्वाधिक वर्दळीचा चौक समजला जातो. दररोज तीन लाखांच्या घरात वाहने इथून जातात.

2009 मध्ये या चौकातल्या तीन पुलांना तडे गेल्याचे आढळले आणि ते तातडीने बदलावे लागले. शिवाय जुन्या रचनेत काही रॅम्प डाव्या हाताला निघत होते. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे डावी लेन ही वेगाची लेन. सुसाट चाललेल्या गाड्यांतूनच कोणी ब्रेक दाबून बाहेर पडणार, कोणी आत घुसणार. अपघात होणारच. तेव्हा चौक नव्याने बांधायला हवा होता, यात कोणाचेच दुमत नव्हते. जे कोर्टात गेले त्यांचेही नव्हते. ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण असा प्रश्न विचारणाऱ्यावर ‘विकासाचा विरोधक’ असा शिक्का मारायची रीत तिकडेही आहे आणि इकडेही.

वाद वेगळा होता. राज्य सरकार फक्त दुरुस्ती करत नव्हते, चौक मोठा करत होते. जास्त पदर, जास्त गाड्या. एकूण खर्च सुमारे 1.7 अब्ज डॉलर. आणि या सगळ्या आराखड्यात सार्वजनिक वाहतुकीसाठी काय होते? नवी बस नाही, जुन्या बसला मदत नाही. सगळी क्षमता वाढणार ती गाडीवाल्यांसाठी.

नोकऱ्या चौकापलीकडे, माणसे अलीकडे

हे प्रकरण समजायला मिलवॉकीची वस्ती समजली पाहिजे. कृष्णवर्णीय आणि गोरे लोक एकमेकांपासून सर्वाधिक तुटून राहतात अशा अमेरिकन शहरांत मिलवॉकीचे नाव नेहमी वरच्या रांगेत असते. कृष्णवर्णीय वस्ती मुख्यतः शहराच्या उत्तर भागात. गोऱ्यांची उपनगरे पश्चिमेला, शेजारच्या वॉकेशा काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे एकक.

पूर्वी कारखाने शहरातच होते. माणूस पायी किंवा बसने कामावर जायचा. नंतर कारखाने बंद पडले, आणि नव्या नोकऱ्या महामार्गाच्या कडेने उपनगरांतल्या औद्योगिक वसाहतींत गेल्या. घर मात्र होते तिथेच राहिले. गाडी असेल त्याला अर्ध्या तासाचा रस्ता. गाडी नसेल त्याला नोकरी असूनही नसल्यासारखी, कारण शहराची बस बहुतेक ठिकाणी काउंटीच्या हद्दीपर्यंतच जायची. आणि गाडी नसलेल्या घरांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे कागदावर कुठेही वंशाचा उल्लेख न करता रस्ताच ठरवत होता, कोणी कुठे काम करायचं.

बस का नव्हती, हाही राजकारणाचा भाग होता. 2010 मध्ये मिलवॉकी ते मॅडिसन रेल्वेसाठी केंद्राने देऊ केलेले सुमारे 81 कोटी डॉलर नको, अशी भूमिका घेऊन स्कॉट वॉकर गव्हर्नरपदी निवडून आले. 2011 च्या अर्थसंकल्पात राज्याने शहर-बसच्या अनुदानात 10 टक्के कपात केली. अनेक काउंट्यांनी मिळून वाहतूक चालवावी म्हणून जी प्रादेशिक प्राधिकरणे होती, त्यांची तरतूदही त्याच वर्षी रद्द झाली. एका हाताने बसचे पैसे काढून घेतले, दुसऱ्या हाताने चौकावर अब्जावधी ओतायला सुरुवात केली. हे दोन्ही निर्णय एकाच सरकारचे.

या शहराला रस्त्यांची जखम नवी नाही. ब्राँझव्हिल नावाचा कृष्णवर्णीयांचा गजबजलेला मोहल्ला होता. दुकाने, संगीताची ठिकाणे, छोटे धंदे, सगळं काही. शहर ‘नवे’ करण्याच्या योजना आणि महामार्ग त्यावरून गेले आणि तो मोहल्ला उद्ध्वस्त झाला. त्यानंतर 1967 च्या ऑगस्टमध्ये ‘आम्हाला हवं तिथे घर घेता आलं पाहिजे’ या मागणीसाठी कृष्णवर्णीय तरुण आणि फादर जेम्स ग्रॉपी हे गोरे कॅथलिक पाद्री मोर्चा घेऊन निघाले. सोळाव्या रस्त्यावरचा लांबच लांब पूल ओलांडून ते गोऱ्यांच्या दक्षिण भागात गेले. पलीकडे दगड-बाटल्यांनी स्वागत झालं. तरी मोर्चे सलग 200 रात्री निघत राहिले. आज त्या पुलाला ग्रॉपींचेच नाव आहे. या शहरात पूल म्हणजे नुसते सिमेंट-लोखंड नाही, हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे.

कोर्टात काय घडले

2012 च्या ऑगस्टमध्ये दोन संस्था फेडरल कोर्टात गेल्या. एक, ‘माइका’ या नावाने ओळखली जाणारी, शहरातल्या प्रार्थनास्थळांची एकत्र संघटना. दुसरी, ‘ब्लॅक हेल्थ कोॲलिशन ऑफ विस्कॉन्सिन’, आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणारी. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ए.सी.एल.यू. या संस्थेच्या वकिलांनी त्यांची बाजू मांडली. प्रतिवादी होते राज्याचे परिवहन खाते आणि केंद्राचे महामार्ग प्रशासन.

इथे एक गंमत आहे. प्रश्न भेदभावाचा, पण दाव्याचा मुख्य आधार पर्यावरणाचा कायदा! असं का? कारण 1964 च्या नागरी हक्क कायद्यात सरकारी पैशाने भेदभाव करायला बंदी असली, तरी 2001 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एक दार बंद केले. एखाद्या निर्णयाचा फटका विशिष्ट समाजालाच जास्त बसतो, एवढ्या कारणावरून सामान्य माणसाला थेट दावा लावता येणार नाही. भेदभाव मुद्दाम केला हे सिद्ध करा, असे कोर्टाने सांगितले. आता कुठला अधिकारी फाइलवर लिहून ठेवणार आहे की आम्ही मुद्दाम भेदभाव करतो?

म्हणून वकिलांनी दुसरी वाट धरली. 1970 पासून लागू असलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार मोठ्या केंद्रीय प्रकल्पाआधी परिणामांचा सविस्तर अहवाल तयार करावा लागतो. त्यात फक्त झाडे आणि नद्या येत नाहीत. प्रकल्पाचे सामाजिक आणि आर्थिक परिणाम, पर्याय, वर्षानुवर्षे साचत गेलेले नुकसान, हेही त्या वेळी तपासावे लागत होते. दावेदारांचे म्हणणे सरळ होते. बस न देता फक्त महामार्ग वाढवला तर नोकऱ्या आणखी दूर पळतील, वस्त्यांमधली दरी आणखी रुंदावेल. आणि हे तुमच्या जाडजूड अहवालात नीट तपासलेलेच नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे, आमचे काम महामार्ग बांधायचे. बस चालवणे स्थानिक संस्थांचा विषय. ऐकायला पटते. पण ज्या सरकारने स्थानिक बसचे अनुदान कापले आणि प्रादेशिक प्राधिकरणाचा मार्ग बंद केला, त्याच सरकारने ‘हा स्थानिक विषय आहे’ म्हणणे म्हणजे शिडी काढून घ्यायची आणि वर विचारायचं, चढत का नाहीस?

मे 2013 मध्ये न्यायाधीश लिन ॲडेलमन यांनी काम सरसकट थांबवले नाही. पण सामाजिक परिणाम पुरेसे तपासले गेले नाहीत, हा दावेदारांचा मुद्दा टिकण्याची शक्यता आहे, असे मत त्यांनी नोंदवले. एवढेच पुरेसे होते. अब्जावधींचे कंत्राट कोर्टात अडकले तर दिरंगाईचा एकेक दिवस महाग पडतो. सरकार बोलणीला बसले आणि मे 2014 मध्ये समझोता झाला. राज्याने 1 कोटी 35 लाख डॉलर द्यायचे ठरले. त्यातले 1 कोटी 15 लाख चार वर्षे बससेवा चालवण्यासाठी, उरलेले बसचा वापर वाढावा म्हणून प्रसार वगैरे कामांसाठी.

बस आली आणि गेलीही

या पैशातून मिलवॉकीच्या उत्तर भागाला उपनगरांतल्या नोकऱ्यांशी जोडणारे दोन मार्ग सुरू झाले, क्रमांक 6 आणि क्रमांक 61. त्यांना लोक ‘जॉबलाइन’ म्हणू लागले. एक न्यू बर्लिनच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा, दुसरा मेनोमनी फॉल्स आणि जर्मनटाउनच्या दिशेने. ज्या माणसाला काल नोकरीची जाहिरात वाचून सोडून द्यावी लागत होती, तो आज अर्ज करू शकत होता. सकाळच्या पाळीला जाणारा कामगार, दुकानात काम करणारी आई, गोदामात माल उचलणारा पोरगा, यांच्यासाठी हा मोठाच बदल होता.

पण समझोत्यातच चार वर्षांची मुदत होती. पैसा संपत आला तसा प्रश्न उभा राहिला, पुढे कोण देणार? काउंटीकडे पैसा नाही. उपनगरांना आपल्या खिशातून द्यायची इच्छा नाही. राज्याने हात वर केले. 2019 संपेपर्यंत हे दोन्ही मार्ग त्या रूपात बंद पडले होते. प्रवाशांनी सभांमध्ये येऊन सांगितलं की बस गेली तर आमची नोकरी जाईल. बस गेलीच.

चौक मात्र आहे. त्याचा मुख्य भाग 2018 मध्ये पूर्ण झाला, उत्तरेकडची बाजू 2023 मध्ये. असा पूल पन्नास-साठ वर्षे उभा राहील या हिशोबाने बांधतात. बस उभी राहिली चार-पाच वर्षे. पैशाचा हिशोब केला तर 1.7 अब्जांच्या तुलनेत 1 कोटी 35 लाख म्हणजे एक टक्काही नाही. शंभर रुपयांच्या कामात ऐंशी पैसे बसला. हे ऐंशी पैसेसुद्धा कोर्टात गेल्यावर मिळाले, न मागता नाही.

मग हा विजय म्हणायचा की हार? दोन्ही. प्रार्थनास्थळांच्या एका संघटनेने राज्य आणि केंद्र सरकारला टेबलावर बसवले, हा विजय छोटा नाही. पण त्यांना जे मिळाले ते मुदतीचे, आणि समोरच्याने जे बांधले ते कायमचे. या व्यवहारातली खरी गोम इथे आहे. रस्त्याचा खर्च ‘गुंतवणूक’ म्हणून लिहिला जातो, बसचा खर्च ‘मदत’ म्हणून. गुंतवणूक वाढत जाते. मदत कधीही बंद करता येते.

आता पुढचा चौक, आणि बदललेले नियम

झू इंटरचेंजच्या पूर्वेला, त्याच महामार्गावर, बेसबॉल स्टेडियमजवळ आणखी एक जुना चौक आहे. तिथला साडेतीन मैलांचा पट्टा सहाऐवजी आठ पदरी करायचा आणि स्टेडियमजवळचा चौक नव्याने बांधायचा, हा प्रकल्प 2017 मध्ये पैशाअभावी गुंडाळला गेला होता. 2020 मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी तो पुन्हा बाहेर काढला. लक्षात घ्या, वॉकर रिपब्लिकन, एव्हर्स डेमोक्रॅट. पक्ष बदलला तरी पदर वाढवायचा मोह बदलला नाही. 2024 मध्ये केंद्राची मंजुरी आली. अंदाजे खर्च पुन्हा 1.7 अब्ज डॉलरच्या वर. स्थानिक संघटनांनी सहाच पदर ठेवा, दुरुस्ती करा आणि उरलेला पैसा बसला द्या, अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. या रुंदीकरणाचे पूर्वेकडचे टोक कुठे आहे? सोळाव्या रस्त्याशी. ज्या रस्त्यावरच्या पुलावरून 1967 चे मोर्चे गेले, तोच हा रस्ता.

दुसरीकडे कायद्याची जमीनही सरकली आहे. सरकारी कामाचा बोजा गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांवरच पडतो का हे तपासण्याचा जो आदेश 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढला होता, तो जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प प्रशासनाने रद्द केला. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात सांगितले की पर्यावरण अहवालात काय किती तपासायचे, याबाबत कोर्टांनी सरकारी यंत्रणांच्या निर्णयात फार हात घालू नये. माइकाने ज्या दारातून प्रवेश मिळवला होता, ते दार अरुंद झाले. जुलै 2025 च्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने तर महामार्गांनी तोडलेले मोहल्ले पुन्हा जोडण्यासाठी ठेवलेल्या निधीतला न वाटलेला पैसाही परत घेतला.

याच मिलवॉकीत उलट उदाहरणही आहे. मध्यवर्ती भागात ‘पार्क ईस्ट’ नावाचा उन्नत महामार्गाचा एक तुकडा होता. तोही जुना झाला होता. महापौर जॉन नॉर्क्विस्ट यांनी तो पुन्हा बांधण्याऐवजी पाडायचा आग्रह धरला. 2002-03 मध्ये तो पाडला, खाली साधे रस्ते आले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे इमारती आणि 2018 मध्ये शहराचे मोठे बास्केटबॉल स्टेडियम उभे राहिले. शहर काही ठप्प झाले नाही. म्हणजे जुना पूल पडायला आला की तो आणखी रुंद करून बांधायचा, हा निसर्गनियम नाही. तो निर्णय असतो, आणि तो कोणीतरी घेतलेला असतो.

आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा कुठे?

आता आपल्या घरात डोकावू. पुण्यातल्या चांदणी चौकाचा जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे सुमारे 600 किलो स्फोटके लावून पाडला, ते दृश्य सगळ्या वाहिन्यांनी दाखवले. 12 ऑगस्ट 2023 ला नितीन गडकरी यांच्या हस्ते नव्या चौकाचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे 865 कोटी रुपये. आठ रॅम्प, नवे पूल, भुयारी मार्ग, सेवा रस्ते. कोंडी खरंच कमी झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पायी चालणाऱ्याने हा महामार्ग ओलांडायचा कुठून, बसमधून उतरलेल्या बाईने पलीकडे जायचं कसं, हा प्रश्न उद्घाटनानंतर चर्चेत आला. आठ रॅम्पच्या नकाशात पायांचा हिशोब शेवटी लागला.

असे का होते? अधिकारी वाईट असतात म्हणून नाही. आपल्या कायद्यात हा प्रश्न विचारायला खिडकीच ठेवलेली नाही म्हणून. बघा.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने घेतली जाते. अधिसूचना निघाल्यावर 21 दिवसांत हरकत घेता येते. पण कोणाला? त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला. रोज तिथून चालत जाणाऱ्या कामगाराचा त्या जमिनीत ‘हितसंबंध’ धरला जात नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. चांगली गोष्ट झाली. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत 13 कायदे वेगळे ठेवले आहेत आणि महामार्ग कायदा त्यातला एक. 2015 पासून मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी महामार्गांना लागू झाल्या, सामाजिक परिणामांचा अभ्यास मात्र नाही.

पर्यावरणाच्या वाटेने जावे तर 2006 च्या अधिसूचनेत जनसुनावणीची तरतूद आहे. पण 2013 च्या दुरुस्तीनंतर अस्तित्वातल्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण 100 किलोमीटरपेक्षा जास्त लांबीचे असेल आणि जादा जमिनीची रुंदीही ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाणार असेल, तरच पर्यावरण मंजुरी लागते. शहरातला एखादा चौक शंभर किलोमीटरचा कसा असेल? म्हणजे महामार्गाच्या रुंदीकरणात शहरातला सर्वात महाग, सर्वात गर्दीचा, सर्वाधिक लोकांच्या आयुष्याला भिडणारा तुकडा या चाळणीतून अलगद खाली पडतो. मिलवॉकीच्या लोकांना निदान एक अहवाल मिळाला होता, ज्यात काय नाही ते दाखवता आले. आपल्याला तो अहवालही मिळत नाही.

आणि सार्वजनिक वाहतुकीची अवस्था? मुंबईत सागरी किनारा मार्गावर आणि अटल सेतूवर हजारो कोटी खर्च झाले. त्याच मुंबईत मे 2025 मध्ये बेस्टचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये, म्हणजे थेट दुप्पट झाले. त्यानंतर महिनाभरात, 9 जूनला, मुंब्रा स्थानकाजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि जीव गेले. मुंब्रा, कुर्ला, गोवंडी, भिवंडी इथल्या आपल्या किती घरांतला कमावता माणूस रोज असाच लटकत जातो, हे वेगळं सांगायला नको. तो महामार्गाच्या विरोधात नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की पुलाला पैसा आहे तर बसला का नाही?

मागायचे कसे

मिलवॉकीच्या अनुभवातून काही गोष्टी आपल्याला घेता येतील.

पहिली गोष्ट, वेळेवर मागणे. खांब उभे राहिल्यावर मोर्चा काढून पादचारी पूल मिळतो, तोही मिळाला तर. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा 1966 च्या नगररचना कायद्याने कोणालाही हरकत किंवा सूचना देता येते. तिथे जमिनीचा सातबारा लागत नाही. पण आपल्यापैकी किती जमाती, किती मोहल्ला कमिट्या, किती संस्था त्या मुदतीत लेखी सूचना देतात? कब्रस्तानाच्या जागेसाठी, शाळेच्या आरक्षणासाठी आपण धावतो, ते योग्यच आहे. बसथांबा, पदपथ, रस्ता ओलांडायची जागा, यासाठीही तेवढंच धावायला हवं.

दुसरी, कागद मागणे. प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, वाहनांची मोजणी, हे सगळे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. त्यात एक गोष्ट हमखास शोधावी: गाड्या मोजल्या आहेत, माणसे मोजली आहेत का? बसमधले पन्नास प्रवासी ‘एक वाहन’ म्हणून मोजले असतील, तर पुढचा सगळा हिशोबच गाडीवाल्याच्या बाजूने झुकतो.

तिसरी, टिकेल असे मागणे. माइकाच्या लढ्यातली सर्वात महत्त्वाची शिकवण हीच. चार वर्षांच्या निधीपेक्षा अर्थसंकल्पातले कायमचे कलम मोलाचे. पुलाच्या कंत्राटातच पदपथ, थांबा आणि बससाठी राखीव पदर लिहिलेला असेल तर तो नंतर सहज कापता येत नाही. वेगळी ‘योजना’ म्हणून दिलेली गोष्ट सरकार बदलले की पहिली जाते.

आणि चौथी, एकटे न मागणे. माइका ही एकाच पंथाची संघटना नव्हती. वेगवेगळ्या प्रार्थनास्थळांची माणसे एकत्र आली आणि आरोग्यवाल्यांना सोबत घेतले. मागणी ‘आमच्या समाजाला द्या’ अशी नव्हती, तर ज्यांच्याकडे गाडी नाही त्या सगळ्यांसाठी होती. बसमध्ये चढताना कोणी जात-धर्म विचारत नाही. मुंब्र्याच्या लोकलला लटकणाऱ्याच्या शेजारी डोंबिवलीचा माणूसही लटकत असतो. त्याला सोबत घेतल्याशिवाय ही मागणी ‘एका समाजाची कटकट’ म्हणून बाजूला सारली जाईल.

येत्या काही वर्षांत मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, सगळीकडे जुने पूल पडणार आहेत आणि नवे उभे राहणार आहेत. प्रत्येक पुलाच्या नकाशावर सही होण्याआधी एक-दोन महिने असे असतात की तेव्हा दिलेल्या एका लेखी सूचनेचे वजन नंतरच्या दहा मोर्च्यांपेक्षा जास्त असते. आपल्या भागात असे काम होणार असेल तर आधी नकाशा मागवा, त्यावर बोट ठेवा आणि विचारा: इथून बस कुठे थांबणार, आणि माणूस पलीकडे कसा जाणार? उत्तर लेखी घ्या.